बेंड पाईपवरचा निळा रंग : पुसण्याआधी तो वाचावा कसा?

इंदिरानगरवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१४ची, दीडशे सीसीची, हवेवर थंड होणारी, कार्बोरेटरची मोटरसायकल आहे. रोजचा प्रवास नाशिकमध्ये इंदिरानगर ते अंबड असा असून महिन्यातून एकदा त्र्यंबकेश्वर किंवा वणीपर्यंत जाणे होते. गाडीचा बेंड पाईप (इंजिनातला जळका वायू सायलेन्सरकडे नेणारा वाकडा पाईप) कंपनीचाच, क्रोम केलेला आहे. इतक्या वर्षांत त्यावर हेडजवळ (इंजिनाच्या वरच्या भागाजवळ) चार बोटे रुंदीचा फिकट सोनेरी पट्टा आला होता आणि तो तिथेच थांबला होता, त्यामुळे मी त्याची कधी काळजी केली नाही.

मागच्या महिन्यात टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज वाढला म्हणून गाडी एका गॅरेजमध्ये दिली. हेडचे थोडे काम झाले, त्यासाठी सायलेन्सर उतरवला होता, आणि गाडी परत आली तेव्हा ती आश्चर्य वाटावे इतकी शांत झाली होती. मात्र आठवड्याभरात तो सोनेरी पट्टा जांभळा झाला, नंतर निळा झाला, आणि आता हेडपासून वीतभर अंतरापर्यंत, म्हणजे वळणाच्या पलीकडेपर्यंत, निळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी पिवळा असे पट्टे एकापुढे एक उमटले आहेत. शिवाय उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फट-फट असा आवाज येतो, जो पूर्वी येत नव्हता.

गॅरेजमध्ये विचारले असता "पाईप निळा पडतोच, पॉलिश मारून घ्या" असे सांगण्यात आले. पॉलिश मारायला माझी हरकत नाही, परंतु सात-आठ वर्षे स्थिर असलेला रंग एका आठवड्यात बदलतो तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असले पाहिजे, असे मला वाटते. हा रंग नेमका कशाचा असतो, त्यावरून इंजिनाविषयी काही कळते का, आणि क्रोमला इजा न करता तो काढता येतो का, या तीन प्रश्नांवर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

टूलरूम_सातपूर

आपण पॉलिश मारण्याआधी थांबलात हे फार चांगले केलेत. माझी उभी हयात सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हत्यारे घडवण्यात गेली आणि हे रंग माझ्या रोजच्या कामाचा भाग होते, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो.

छिन्नीला पाणी दिल्यानंतर ती काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. मग तिचे टोक पॉलिश पेपरने चकचकीत करून मागच्या बाजूने हळूहळू तापवले की त्या उजळ भागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग सरकत येतो. छिन्नीसाठी जांभळा रंग धारेपर्यंत पोचला की लगेच ती पुन्हा पाण्यात बुडवायची, स्प्रिंगसाठी निळ्यापर्यंत थांबायचे, हे आम्ही थर्मामीटर न वापरता डोळ्यांनी करत असू. साध्या कार्बन पोलादावर फिकट पिवळा सुमारे २२० अंश सेल्सियसला, तपकिरी २५५-२६०ला, जांभळा २८०च्या आसपास आणि निळा ३००च्या जवळ येतो. आपल्या पाईपवर जे पट्टे आहेत त्यांचा क्रम हाच आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच. जिथे सर्वाधिक उष्णता तिथे निळा आणि जिथे ती कमी होत गेली तिथे पिवळा.

आता हा रंग कशाचा, ते सांगतो. तो काजळीचा नाही, ऑइलचा नाही, आणि खरे तर कोणत्याही रंगद्रव्याचा नाही. तापलेल्या धातूच्या पृष्ठभागाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ऑक्साइडचा एक जवळजवळ पारदर्शक पापुद्रा तयार होतो, ज्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. या पापुद्र्याच्या वरच्या बाजूवरून परतणारा प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात तेव्हा काही रंगांच्या लहरी एकमेकींना छेदून नाहीशा होतात आणि उरलेला रंग आपल्याला दिसतो. पापुद्रा अगदी पातळ असतो तेव्हा आधी निळ्या-जांभळ्या लहरी नाहीशा होतात, म्हणून पृष्ठभाग पिवळा दिसतो. पापुद्रा वाढत जातो तसतशा हिरव्या आणि मग पिवळ्या-तांबड्या लहरी वजा होतात, म्हणून जांभळा आणि नंतर निळा दिसतो. पहिल्या पावसात द्वारका चौकाच्या ओल्या डांबरावर सांडलेल्या ऑइलवर जे इंद्रधनुष्य दिसते, त्याचेही कारण हेच आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पाईप थंड झाल्यावरही पापुद्रा तसाच राहतो, म्हणून रंग हा त्या जागेने आजवर सोसलेल्या सर्वाधिक उष्णतेची नोंद असतो. दुसरी गोष्ट अशी की पापुद्रा तापमानासोबत वेळेनेही वाढतो, म्हणजे तेच तापमान अधिक काळ टिकले तरी रंग पुढे सरकतो, त्यामुळे एका रंगावरून नेमका अंश सांगण्याचा हट्ट कोणी धरू नये.

मी वर दिलेले आकडे साध्या पोलादाचे आहेत. क्रोम आणि स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमचा थर ऑक्सिडीकरणाला बराच विरोध करतो, म्हणून तिथे तेच रंग अधिक उष्णतेला येतात. ३०४ जातीच्या स्टेनलेसवर फिकट पिवळा सुमारे २९० अंशांना, तपकिरी ३९०ला, गडद जांभळा ४५०ला आणि निळा ५४०च्या आसपास दिसतो. आपल्या क्रोमवर वीतभर निळे आले असेल तर तिथला पाईप पूर्वीपेक्षा खूपच तापलेला आहे, यात मला शंका वाटत नाही.

एक_सिलेंडर

टूलरूमवाल्या काकांनी रंगाचे शास्त्र इतके स्वच्छ सांगितले की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी इंजिनाच्या बाजूने लिहितो.

पाईप जास्त तापण्याची कारणे शोधताना बहुतेक जण लगेच "मिश्रण लीन झाले", म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, असे म्हणून मोकळे होतात. ते एक कारण नक्कीच आहे, कारण इंधन गरजेपेक्षा जास्त असेल तर त्या जादा पेट्रोलमुळे ज्वलन थंड राहते, आणि तेच इंधन कमी करत पेट्रोलच्या आदर्श प्रमाणाजवळ, म्हणजे वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा या प्रमाणाजवळ, आणले की बाहेर पडणारा वायू सर्वाधिक तापतो. परंतु केवळ मिश्रणाकडे पाहून चालत नाही. ठिणगी उशिरा पडली तर ज्वलन सिलेंडरमध्ये पूर्ण होण्याऐवजी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चालू राहते आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची ती पाईपमध्ये जाते. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर जळता वायू थेट पाईपमध्ये शिरतो. आणि हेड व बेंड पाईप यांच्यामधले पॅकिंग गळत असेल तर वायूच्या प्रत्येक धक्क्यानंतर तिथे जी क्षणिक पोकळी निर्माण होते तिच्यामुळे बाहेरची हवा आत ओढली जाते, न जळलेले इंधन पाईपमध्येच पेट घेते, आणि थ्रॉटल सोडल्यावर आपण म्हणता तसा फट-फट आवाज येतो.

आपल्या हकिकतीत दोन गोष्टी मला खटकतात. सायलेन्सर उतरवून परत बसवला, तेव्हा पॅकिंग नवे टाकले होते का? हे पॅकिंग तांब्याच्या किंवा धातूच्या पत्र्याच्या कड्यासारखे असते, एकदा आवळले की दाबून चपटे होते, आणि जुनेच पुन्हा बसवले की पुष्कळदा गळते. दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. गाडी "आश्चर्य वाटावे इतकी शांत" झाली, असे आपण लिहिले आहे. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाच्या टॅपेटचा थोडा टिकटिक आवाज असलाच पाहिजे. तो अजिबात नाहीसा झाला असेल तर टॅपेटचा गॅप (टॅपेट आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामधली फट) गरजेपेक्षा कमी ठेवला गेला असण्याची शक्यता आहे. इंजिन तापले की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, गॅप शून्य होतो, व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही, आणि मग त्याची उष्णता सीटमार्फत हेडमध्ये जाण्याचा मार्गच बंद होतो. असे बरेच दिवस चालले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते.

कृपया पुढील गोष्टी पाहून लिहा. प्लगचे टोक कोणत्या रंगाचे आहे? गरम इंजिनावर किक मारताना पूर्वीइतका दाब लागतो का? आणि थंड इंजिन नुकतेच चालू केल्यावर पॅकिंगच्या जागेजवळ, पाईपला न टेकवता, हात धरला तर हवेचे फटके जाणवतात का? ही शेवटची तपासणी पहिल्या काही सेकंदांतच करायची आहे, पाईप तापल्यावर नाही.

इनटेक रबरला (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबराला) चीर पडली आहे का, हे पाहण्यासाठी काही मेकॅनिक चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. ते कृपया कोणालाही करू देऊ नका, कारण शेजारीच तापलेला पाईप असतो. साध्या पाण्याचा फवारा मारला तरी गळती असल्यास स्लो स्पीडमध्ये (थ्रॉटल न देता इंजिन फिरते त्या वेगात) फरक पडतो.

इंदिरानगरवासी (धागाकर्ता)

आज सकाळी पाहिले. प्लगचे टोक बदामी रंगाचे आहे, ना पांढरे ना काळे. पाण्याच्या फवाऱ्याने स्लो स्पीड बदलला नाही. थंड इंजिनावर पॅकिंगपाशी हात धरला तेव्हा एका बाजूने स्पष्ट फटके जाणवले, आणि हेडच्या त्या बाजूला काळ्या काजळीची एक रेघही दिसली, जी माझ्या नजरेतून आतापर्यंत निसटली होती. गरम इंजिनावर किक थोडी हलकी वाटली, पण हे माझ्या मनाचे खेळही असतील.

सोबत एक शंका. शेजाऱ्यांकडे इन्फ्रारेडचा तापमापक आहे, त्याने त्र्यंबक रस्त्यावरून वीस मिनिटे फिरून आल्यावर पाईपचे तापमान मोजले तर ते केवळ ११० अंश दाखवले. मग निळा रंग कसा आला?

मेंटेनन्स_अंबड

तापमापकावर विश्वास ठेवू नका. हे उपकरण पृष्ठभागातून बाहेर पडणारी अवरक्त किरणे मोजून तापमान ठरवते, आणि चकचकीत क्रोम ही किरणे फार थोडी सोडतो, उलट आसपासच्या थंड वस्तूंची किरणे आरशासारखी परावर्तित करतो. अशी बहुतेक साधी उपकरणे मानवी त्वचा, रंगवलेला पत्रा किंवा भिंत अशा पृष्ठभागांसाठी लावलेली असतात, म्हणून उजळ धातूवर ती खऱ्या तापमानापेक्षा खूपच कमी आकडा दाखवतात. आमच्या विभागात स्टीमच्या उजळ पाईपवर याच चुकीमुळे एका मदतनिसाचा हात भाजला होता, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

बरोबर मोजायचे असेल तर दोन उपाय आहेत. पाईपच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला उष्णतारोधक काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि त्याच ठिपक्यावर नेम धरून मोजा, किंवा के प्रकारचा थर्मोकपल (स्पर्शाने तापमान मोजणारी धातूच्या दोन तारांची जोडी) स्टीलच्या क्लॅम्पखाली दाबून बसवा. दुसरा उपाय अधिक खात्रीचा आहे आणि अशा थर्मोकपलचा मीटर बहुतेक कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागात मिळतो.

आणखी एक गोष्ट. वीस मिनिटे फिरून, गाडी स्टँडवर लावून, उपकरण आणून मोजेपर्यंत दोन-तीन मिनिटे सहज जातात. बेंड पाईपचा पत्रा पातळ असतो, तो तेवढ्यात बराच निवतो.

द्राक्षपट्टा

मी दिंडोरी-विंचूर भागातील वायनरींच्या स्टेनलेस टाक्यांचे आर्गॉन वेल्डिंग करतो, त्यामुळे या रंगांशी माझे वेगळ्या प्रकारचे वैर आहे. धागाकर्त्यांचा पाईप क्रोमचा आहे, पण हा धागा स्टेनलेस पाईपवाले मित्रही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो.

वाईनच्या टाकीत वेल्डच्या शेजारी निळा किंवा तपकिरी रंग राहिला तर आमचे काम नापास होते, आणि ते केवळ दिसण्यासाठी नाही. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य पापुद्र्यामुळे. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. तापवताना क्रोमियम पृष्ठभागाकडे ओढला जाऊन ऑक्साइडमध्ये जातो, त्यामुळे रंगीत पापुद्र्याच्या लगेच खाली क्रोमियम कमी झालेला एक नाजूक थर राहतो. वाईनचे आम्ल असो वा पावसाळ्यातला चिखल, पहिला हल्ला तिथेच होतो. म्हणूनच आम्ही वेल्डिंग करताना टाकीच्या आतल्या बाजूने आर्गॉन भरून प्राणवायू हाकलतो आणि तरीही रंग आला तर पिकलिंग पेस्टने तो थर काढून टाकतो.

मोटरसायकलच्या पाईपला हा धोका त्या प्रमाणात नाही, कारण त्याचा पत्रा रोज तापतो आणि कोरडा होतो. परंतु पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर निळ्या भागावर गंजाचे तपकिरी ठिपके आधी का येतात, याचे उत्तर यात आहे.

आता पिकलिंग पेस्टविषयी हात जोडून एक विनंती. तिच्यात नायट्रिक आम्लासोबत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. हे आम्ल त्वचेवर पडल्यावर सुरुवातीला फारसे दुखतही नाही, पण ते आत झिरपत जाऊन शरीरातील कॅल्शियमशी संयोग करते आणि हाडापर्यंत इजा करू शकते. आम्ही जाड हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल ठेवल्याशिवाय तिचा डबा उघडत नाही. व्हिडिओ पाहून घरच्या गच्चीवर पाईपला ही पेस्ट लावणारे तरुण मी पाहिले आहेत. निळा रंग काढण्यासाठी एवढी किंमत मोजण्याचे काहीच कारण नाही. संडास साफ करण्याचे आम्लही लावू नका, कारण त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमचा थर विरघळवते आणि स्टेनलेसवर खड्डे पाडते.

पंचवटीकर

आमच्या घरी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने आणि राखेने घासण्याची पद्धत आहे. त्याच समजुतीने मी एकदा पाईपला चिंच लावून पाहिली, काहीही फरक पडला नाही. यामागचे कारण कोणी सांगेल का?

टूलरूम_सातपूर

चिंचेतील आम्ल तांब्यावर जमलेले ऑक्साइड सहज विरघळवते, म्हणून जुन्या नाशकातल्या भांडीबाजारातून आणलेला हंडा चिंचेने लख्ख होतो. क्रोमियमचे ऑक्साइड मात्र अतिशय चिवट असते, आणि स्टेनलेस व क्रोम यांचे सारे मोल त्या चिवटपणातच आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी कशालाही ते दाद देत नाही, ते घासूनच काढावे लागते.

इंदिरानगरवासी (धागाकर्ता)

मंडळी, एक उपप्रश्न. अलीकडे पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. माझी गाडी त्यासाठी बनलेली नाही. पाईप निळा पडण्यात त्याचा काही हात असेल का?

एक_सिलेंडर

काही प्रमाणात असू शकतो, परंतु आपल्या गाडीतील अचानक बदलाचे ते कारण नव्हे. इथेनॉलच्या रेणूत आधीच प्राणवायू असल्यामुळे त्याला जळायला कमी हवा लागते. शुद्ध इथेनॉलसाठी हे प्रमाण एकास सुमारे ९ आहे, आणि वीस टक्के मिश्रणासाठी ते साडेतेराच्या आसपास येते. कार्बोरेटरमध्ये ज्यातून पेट्रोल येते त्या जेटचे भोक ठरलेले असते, ते इंधन ओळखत नाही, म्हणून तेच जेट ठेवले की मिश्रण थोडे लीन होते. इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेंसर हे ओळखून इंधन वाढवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यानंतरच्या दुचाक्यांत इंजेक्शन सर्रास आले, त्यामुळे ही चिंता मुख्यतः जुन्या कार्बोरेटरवाल्यांची आहे. कार्बोरेटरमधल्या नीडलची (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मधल्या थ्रॉटलला मिश्रण थोडे रिच होते, म्हणजे पेट्रोल वाढते. मात्र आपला प्लग बदामी आहे, तेव्हा कार्बोरेटरला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कोणत्या दुरुस्तीने काय साधले हे कधीच कळत नाही.

आपण आधी टॅपेटचा गॅप मोजून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाने) मोजायचा, आणि आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. "अंदाजाने ठेवतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

पावसाळी_स्वार

माझी समस्या थोडी वेगळी आहे, पण विषय पाईपवरच्या डागांचाच असल्यामुळे इथेच लिहिते. मागच्या जुलैत कसारा घाटात रेनकोटची पँट बेंड पाईपला टेकली आणि त्यावर काळा थर चिकटून बसला. मी तो पातीने खरवडला, तेव्हा डाग गेला पण क्रोमवर कायमचे ओरखडे राहिले. नंतर एका अनुभवी दादांनी सांगितलेली पद्धत दुसऱ्या वेळी वापरली आणि ती लागू पडली. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून पाईप जेमतेम गरम करायचा, इंजिन बंद करायचे, आणि मऊ झालेले प्लास्टिक लाकडी चमच्याच्या कडेने हलकेच उचलायचे. उरलेला पातळ डाग सुती कापडावर थोडे रॉकेल घेऊन पुसायचा, पण तो पाईप पूर्ण थंड झाल्यावरच, आणि पुसल्यानंतर वास जाईपर्यंत गाडी चालू करायची नाही.

नवा पाईप बसवणाऱ्या ताई-दादांना आणखी एक सांगते. पहिल्यांदा इंजिन चालू करण्यापूर्वी पाईप स्पिरिटने स्वच्छ पुसा. बोटांचे ठसे आणि ग्रीसचे हात पहिल्याच तापण्यात भाजून बसतात आणि त्यांचे तपकिरी डाग नंतर निघता निघत नाहीत. माझ्या पाईपवर मेकॅनिकच्या अंगठ्याचा ठसा आजही जसाच्या तसा आहे.

इंदिरानगरवासी (धागाकर्ता)

काल सुटी होती, म्हणून सातपूरच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो आणि काम होईपर्यंत शेजारी उभा राहिलो. निष्कर्ष लिहितो.

एक्झॉस्ट बाजूच्या टॅपेटला गॅप जवळजवळ नव्हताच. फीलर गेजची सर्वांत पातळ पातीही आत गेली नाही. इनटेक बाजूचा गॅप कमी असला तरी मर्यादेच्या जवळ होता. बेंड पाईप उतरवला तेव्हा पॅकिंग जुनेच निघाले, एका बाजूने चपटे आणि दुसऱ्या बाजूने काजळी धरलेले. फ्लँजचे दोन नटही असमान आवळलेले होते. म्हणजे एक_सिलेंडर यांनी मांडलेल्या दोन्ही शंका खऱ्या ठरल्या. माझ्या मनाला लागले ते हे की आवाज गेला म्हणून मी खूश होतो आणि त्याच वेळी व्हॉल्व्ह जळण्याच्या वाटेवर होता.

टॅपेट मॅन्युअलप्रमाणे लावून घेतले, नवे पॅकिंग टाकले, दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले. कॉम्प्रेशन तपासले, ते सुदैवाने चांगले आहे. टिकटिक परत आली आहे आणि आता ती मला गोड वाटते. उतारावरची फट-फट पूर्ण बंद झाली.

आता रंग काढायचा की ठेवायचा, यावर मार्गदर्शन हवे.

टूलरूम_सातपूर

आपण उभे राहून काम करवून घेतलेत, याचा मनापासून आनंद झाला.

क्रोमविषयी एक गोष्ट आधी समजून घ्या. आपल्याला जो चकचकीत थर दिसतो त्यातले क्रोमियम जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असते. खरी चकाकी आणि गंजापासूनचे संरक्षण त्याच्याखालच्या निकेलच्या जाड थराचे असते, आणि निकेलच्या खाली साधे पोलाद. निळा पापुद्रा याहूनही पातळ आहे, त्यामुळे अतिशय सौम्य क्रोम पॉलिशने, मऊ कापडाने आणि हाताने तो निघू शकतो. परंतु प्रत्येक वेळी आपण त्या पाव मायक्रॉनमधून थोडे खर्च करतो. बफिंगचे चाक लावले तर एका दुपारी क्रोम संपून खालचे पिवळसर झाक असलेले निकेल उघडे पडते. ते तापल्यावर लवकर काळवंडते, आणि मग गंजाला वाट मिळते. लोखंडी घासणी किंवा पॉलिश पेपर तर मुळीच नको.

म्हणून माझा सल्ला असा की आत्ता काहीच पुसू नका. सध्याच्या निळ्या पट्ट्याच्या कडेची जागा मोजून लिहून ठेवा, किंवा मोजपट्टी धरून फोटो काढा. पुढचे हजार किलोमीटर तो पट्टा पुढे सरकला नाही तर दुरुस्ती यशस्वी झाली असे समजा, आणि मग एकदाच हाताने पॉलिश करा. त्यानंतर जो नवा रंग येईल तो आपल्या निरोगी इंजिनाचा असेल, आणि पुढच्या प्रत्येक बदलाची तुलना त्याच्याशी करता येईल.

जोड_सिलेंडर

माझ्याकडे दोन सिलेंडरची, इंजेक्शनची गाडी आहे आणि तिच्या दोन पाईपांकडे मी नेहमी जोडीने पाहतो. दोन्ही एकसारखे सोनेरी किंवा एकसारखे निळे असतील तर मी निश्चिंत असतो. मागच्या वर्षी डावा पाईप उजव्यापेक्षा स्पष्टपणे अधिक निळा झाला, तेव्हा त्या बाजूचा इंजेक्टर अर्धवट चोंदलेला निघाला. एका सिलेंडरच्या गाडीला तुलनेसाठी दुसरा पाईप नसतो, म्हणून वर सुचवलेली फोटोची कल्पना फार उपयोगाची आहे.

पुष्कळ नव्या गाड्यांचा पाईप निळा पडतच नाही, त्याचे श्रेय नेहमी इंजिनाला देऊ नये. त्यांचे पाईप दुहेरी भिंतीचे असतात, आतला पाईप उष्णता सोसतो आणि बाहेरचा केवळ दिसतो. अशा गाडीत बिघाड झाला तरी रंग काही सांगत नाही.

पाईपला कापडी उष्णतारोधक पट्टी गुंडाळणाऱ्यांनाही सावध करतो. पट्टीने उष्णता आत कोंडली जाते, आणि पावसाचे पाणी तिच्यात मुरून राहते. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात दोन मोसम वापरलेला साधा पोलादी पाईप पट्टी सोडल्यावर हातात तुकड्यांनी आलेला मी पाहिला आहे. लपवायचाच असेल तर ६०० अंश सोसणारा सिलिकॉनचा काळा रंग द्यावा आणि त्याच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून तो पक्का करावा. साधे पावडर कोटिंग बेंड पाईपवर टिकत नाही, ते जळते.

इंदिरानगरवासी (धागाकर्ता)

दीड महिन्याने लिहितो आहे. या काळात गाडी साधारण बाराशे किलोमीटर चालली, त्यात एकदा वणीचा गड आणि एकदा कसारा घाट चढून येणे झाले. निळ्या पट्ट्याची कड मोजपट्टीवर होती तिथेच आहे. मेंटेनन्स_अंबड यांनी सांगितल्याप्रमाणे पाईपच्या आतल्या बाजूला काळा ठिपका देऊन त्याच तापमापकाने मोजले, तेव्हा घरी पोचताच त्याने २६० अंश दाखवले, आणि त्याच वेळी बाजूच्या क्रोमवर केवळ ९५.

काल सकाळी थंड पाईपवर मऊ कापडाने अर्धा तास पॉलिश केले. पिवळा आणि तपकिरी भाग पूर्ण गेला, जांभळा बराचसा गेला, आणि हेडजवळचा गडद निळा फिकट होऊन राहिला. तो आणखी घासायचा नाही असे ठरवले आहे. पॉलिशनंतरचा फोटो मोजपट्टीसह काढून टॅपेटच्या तारखेसोबत गाडीच्या वहीत लावला आहे.